पन्नास चांदण्यांची रांगोळी

कॅनडातले लोक फार नम्र असतात, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आजसुद्धा. नातवंडं हसतात. म्हणतात, आजी, तू कधी गेलीस गं कॅनडाला? मी कशाला जाते! कॅनडाच आमच्याकडे पावणा म्हणून आला होता, आणि माझी नोकरी खाऊन गेला.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमची भाताची शेतं कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती. जमीन गेली त्या प्रत्येक घरातल्या एकाला नोकरी, असं सगळे सांगत होते. आमच्या घरात मुलगा नव्हता, म्हणून बापाने पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मलाच नेऊन उभं केलं. टेम्पररी म्हणून लागले. वर्षाने पर्मनंट करणार होते. संध्याकाळी घरी पोचले की बाप आधी तेच विचारायचा, "बाय, झालीस का गो पर्मनंट?"

कारखान्यात मुलखामुलखाची माणसं. साताऱ्याचा फिटर कोकणातल्या स्टोअरकीपरला चिक्कू म्हणायचा, तो याला घाटी म्हणायचा, आणि अकोल्याचा वायरमन म्हणायचा की तिखट खावं तर आम्हीच, तुम्ही दोघं दूधभात खा. डबे मात्र एकत्र उघडायचे. मजा यायची. पण मला 'लोकल' म्हणायचे ते चिडवणं नव्हतं. लोकल म्हणजे अडाणी, लोकल म्हणजे भांडकुदळ, लोकलच्या घरात सकाळपासून बाटली. पर्सोनेल ऑफिसर पुण्याचा होता, तो तर येता-जाता "आमच्या पुण्यात असं नसतं हं" म्हणायचा. अरे, मग राहायचं ना पुण्यात! आमच्या बांधावर खुर्ची टाकून बसायचं आणि आम्हालाच नावं ठेवायची!

कारखान्यात नवीन मशीन आलं, कॅनडाचं. ते बसवायला तिकडचा साहेब यायचा होता. ऑफिसरने मला बोलावलं, मासिकातून फाडलेलं एक रंगीत पान दिलं आणि म्हणाला, "रांगोळी छान काढता ना तुम्ही लोक? हा त्यांचा झेंडा. हुबेहूब काढायचा." पानाच्या मागे इंग्रजीत लिहून दिलं, गेटसमोर, दहाच्या आत, आणि खाली सही. सहीची फार हौस त्याला.

सकाळी सहाला बसले. लाल पट्टे, पांढरे पट्टे, निळा चौकोन, त्यात चांदण्या. पन्नास! फिटरने पत्र्याचा छाप कापून दिला तेव्हा कुठे त्या सारख्या आल्या. कंबर मोडली, पण कुठे बोट घसरलं नाही. सगळे बघून गेले. कॅनडाचा झेंडा कसा असतो ते कुणालाच माहीत नव्हतं.

साहेब गाडीतून उतरला. उंच, टोमॅटोसारखा लाल. झेंडा बघून थबकला. मग हसून, "सॉरी, हा शेजाऱ्यांचा झेंडा आहे, मी अमेरिकन नाही," असं काहीतरी इंग्रजीत म्हणाला, पुन्हा सॉरी म्हणाला आणि रांगोळीला पाय लागू नये म्हणून लांबून वळसा घालून आत गेला. मॅनेजरचा चेहरा उतरला. "कुणाचा हा गाढवपणा?" तर ऑफिसर काय म्हणाला? "त्या लोकल मुलीचा, सर. यांना काय कळतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "चित्र तुमीच दिलं हाय! मना काय ठावं कुठला झेंडा?"

"बघा, भांडायला लागली," ऑफिसर म्हणाला. झालं. मी भांडकुदळ ठरले. माझ्या फायलीत निष्काळजी असा शेरा पडला, आणि पर्मनंटची यादी दीड महिन्यावर आली होती.

त्याच साहेबाच्या हाताखाली मला मदतीला दिलं. वायरमन मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा, तो मधे. साहेब कॅनडातल्या गव्हाच्या मुलखातला. डोळ्याला एक टेकाड दिसणार नाही असा सपाट मुलूख, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! पाऊण वर्ष बर्फ, हेही छाती फुगवून सांगायचा. मोठ्या शहरातले लोक त्यांना शेतकरडे म्हणून हसतात, आणि जगात कुठेही गेलं तरी लोक अमेरिकन समजतात, याचा त्याला राग होता. "त्याईच्या इकडंबी असंच हाय," वायरमन म्हणाला. मला बरं वाटलं. वाटलं, ह्याला कळेल. साहेब पान्हा मागताना सॉरी म्हणायचा, दिल्यावर थँक्यू, आणि टेबलाला ठेच लागली तर टेबलालासुद्धा सॉरी. आम्ही पोट धरून हसायचो.

मॅनेजर माझं ऐकून घेईना, म्हणून एक दिवस मी ते सहीचं पान साहेबाच्या हातात दिलं. वायरमनने सगळं समजावलं. साहेबाने मागची सही वाचली, मान हलवली, पान घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. मॅनेजरला सांगतो म्हणाला. त्या दिवशी घरी जाऊन मी बापाला सांगितलं, होनार आता पर्मनंट.

आठवड्याने मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं. ऑफिसर होता, साहेब होता, वायरमनही होता. मी मॅनेजरला म्हटलं, "साहेबांच्या खिशात पान हाय, त्यांना इचारा." वायरमनने ते इंग्रजीत सांगितलं. साहेबाने ऑफिसरकडे बघितलं. ऑफिसर रुमालाने कपाळ पुसत होता. साहेबाचा हात खिशाकडे गेला, वरून नुसता टेकला आणि खाली आला. मग तो हसला. म्हणाला, झालं गेलं सोडा, असं नेहमीच होतं, रांगोळी फार सुंदर होती, सॉरी, माझ्यामुळे तुम्हाला सगळ्यांना त्रास झाला.

सगळे हसले. ऑफिसर सगळ्यात मोठ्याने. कुणी चहा मागवला.

बाहेर आल्यावर मी वायरमनवरच ओरडले. तो म्हणाला, "काहून चिडून राह्यली? ते लोक कोनाच्या तोंडावर वाईट बोलतच नाईत." मग मला वाईट बोलले ते? ते माझ्या तोंडावर नव्हतं? चांगुलपणा सगळा ऑफिसरच्या वाट्याला, आणि शेरा माझ्या! कुणाला दुखवायचं नाही म्हणे. मी काय दगड होते?

यादी लागली. माझं नाव नव्हतं. शनिवारपर्यंत यायचं, मग पास गेटवर जमा करायचा. बापाने त्या संध्याकाळी विचारलं नाही. त्याला गावात आधीच कळलं होतं.

शुक्रवारी साहेबाचा निरोप समारंभ. हार, पेढे, भाषणं. साहेब सगळ्यांशी हात मिळवत मिळवत माझ्यापाशी आला. यादीचं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं कशाला बोलू. त्याने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "सॉरी. व्हेरी सॉरी."

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नो."

तेवढं इंग्रजी मला येत होतं. साहेबाचा चेहरा पडला. पण ऑफिसर बाजूलाच उभा होता, तो लगेच पुढे झाला आणि हसत म्हणाला, "शी मीन्स नो प्रॉब्लेम, सर." साहेबाने सुटल्यासारखा श्वास सोडला, मला थँक्यू म्हटलं आणि पुढच्या माणसाचा हात हातात घेतला.