उलटी लावलेली नळी

मी नववीत शाळा सोडली. माझं घर कोकणात. नवऱ्याला रस्त्याच्या कामावर मेहकरकडे नोकरी मिळाली म्हणून इकडे आले, आणि मध-गूळ तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागले. तिथल्या मॅडम जानेफळच्या. त्यांनी मला शाळेचं काही विचारलंच नाही. एक चंबू धुवायला दिला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ये उद्यापासून."

पुढे त्यांनी मला कॉलम सांभाळायला शिकवलं. कॉलम म्हणजे हातभर लांब स्टीलची नळी, आत पिठासारखे बारीक मणी ठासून भरलेले. पंप तिच्यातून पाणी ढकलत राहतो. त्यात मधाचा थेंब सोडला की मधातल्या साखरा एकामागून एक बाहेर पडतात आणि स्क्रीनवर प्रत्येकीची टेकडी उमटते. टेकड्या सुट्या दिसल्या की नळी धडधाकट. ती ओव्हनमध्ये कायम गरम लागते. पुरती तापेपर्यंत मॅडम पंप अगदी हळू ठेवत.

"थंडीत बैलाले उठल्या उठल्या पळवतं का वं कोनी?"

साखरेसाठी आमच्याकडे ती एकच नळी होती. ती गेली तर साखरेचं काम बंद, आणि काम बंद तर धुवायला भांडी कुठली? म्हणून मी तिला जपत कमी आणि भीत जास्त होते.

वीज इथे कधीही जाते. पंप मध्येच थांबू नये म्हणून मॅडमनी तो इन्व्हर्टरवर घ्यायला लावला. ओव्हन फार वीज खातो, तो साध्या लाइनवरच राहिला. एका दुपारी मॅडम बाहेर असताना वीज गेली. पंप चालूच राहिला, मला बरं वाटलं. नळी मात्र गार होत गेली. प्रेशरचा आकडा चढत गेला आणि शेवटी पंप पीं-पीं करून आपणच थांबला.

वीज आल्यावर मॅडमनी नळी पुन्हा तापवली आणि चाचणीचं साखरेचं पाणी सोडलं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या टेकड्या एकमेकींना चिकटून उमटल्या.

"लाईट गेल्यावर पंप चालूच होता का वं?"

"हो मॅडम. तुम्हीच म्हणाला होतात, थांबू द्यायचा नाही."

बोलून गेले आणि वाटलं, संपलं, आता सामान बांधायचं.

"हाव, मीनंच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "गार पानी जड होते. पंपानं मणी दाबले. चूक माही हाय."

भांडी धुणाऱ्या बाईसमोर इतक्या सरळ चूक मान्य करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

इन्व्हर्टर जोडणाऱ्या दुसरबीडच्या वायरमनला त्यांनी बोलावून घेतलं. तो दारातूनच म्हणाला, "मॅडम, तुमीच म्हनल्या मशीन मरू द्याची नाई. मशीन जित्ती हाय न!"

"चूप बस बे, अन् पंपाची ते वायर इन्व्हर्टरवरून काढ आधी."

मग त्यांनी नळी सोडवली आणि चक्क उलटी लावली. नळीवर पाण्याच्या वाटेचा बाण असतो. बाणाविरुद्ध जोडायची नाही, हे त्यांनीच मला बजावलं होतं.

"आता औषध म्हून उलटी. गरम पानी, एकदम हळू. मणी मोकळे झाले तं झाले."

बाहेर पडणारं पाणी त्यांनी बाटलीत सोडलं आणि सकाळपर्यंत ते तसंच वाहू दिलं. घरी गेले तरी माझं लक्ष तिकडेच. नवरा पहिला घास घेऊन म्हणाला, "साखर तपासून तपासून मीठ विसरलीस काय?"

सकाळी नळी पुन्हा बाणाप्रमाणे लागली, तापली. मॅडमनी चाचणीच्या पाण्याने भरलेली सुई माझ्या हातात दिली. "तू सोड."

मी थेंब सोडला. पहिली टेकडी आली, साध्या साखरेची. मग दुसरी, ग्लुकोजची, चढली, उतरू लागली, आणि तिसऱ्या फ्रुक्टोजच्या टेकडीआधी मधे दरी दिसली. पूर्वीइतकी खोल नाही, पण दरी होती.

"थकली हाय, मेली नाई," मॅडम म्हणाल्या. "सांभाळलं तं चालन. सांभाळशीन न?"

"हो मॅडम," म्हणत मी सुई धुवायला घेतली.

आता वीज गेली की पंपाचं बटण आधी मी बंद करते, नाहीतर वीज परत येताच तो गार नळीत पाणी ढकलायला लागेल. मॅडम आतून विचारतही नाहीत, केला का म्हणून. मीच आपली परत एकदा जाऊन बघून येते.