सेफ्टी व्हॉल्व्हला लावलेले ठिबक

तापलेले पाणी आणि विहीणबाई यांना एका अंगणात ठेवू नये, असे भौतिकशास्त्राच्या एकाही पाठ्यपुस्तकात लिहिलेले नाही. एम.एस्सी.पर्यंतची पाठ्यपुस्तके मी वाचलेली आहेत. त्यामुळे मला ते ठाऊक नव्हते.

त्या हिवाळ्यात ताई बाळंतपणासाठी नवीन जालन्यातल्या आमच्या घरी आली होती. सव्वा महिना माहेरी राहायचे, हे तिचे लग्नानंतरचे पहिलेच मागणे. बाळ-बाळंतिणीच्या अंघोळीचा सारा भार न्हाणीघरातल्या विजेच्या जुन्या बॉयलरवर होता. तो माझ्याहून वयाने मोठा (आणि स्वभावाने शांत) होता. पाणी तापू लागले की त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून मात्र थेंब गळत.

"आई, हा बिघाड नव्हे. तापलेलं पाणी प्रसरण पावतं. जादा पाणी बाहेर पडलं नाही तर आतला दाब वाढेल."

"पावू दे की," आई म्हणाली. "पन नळाला पाणी कवा येईल त्याचा पत्ता न्हाई, आन् हा इथं सांडून राह्यला!"

दोन्ही विधाने सत्य होती. त्यांचा समन्वय साधणे हे माझे कर्तव्य होते. वडीगोद्रीच्या आमच्या मोसंबीच्या बागेतली उरलेली ठिबकची नळी आमच्या पलंगाखाली कायम असतेच. ती मी व्हॉल्व्हच्या तोंडाला जोडली, अंगणातून फिरवली, थेंबथेंब पाणी सोडणारे तीन ड्रीपर बसवले (तुळस, कढीपत्ता आणि मोसंबीचे रोप, असा क्रम) आणि शेवटचे टोक बंद केले. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, कौतुकाने शेतातल्या फिल्टरवरचा दाब दाखवणारा गेज आणून बॉयलरला बसवला. ते शेजाऱ्यांना बोलावून बोलावून सांगू लागले, "अंघोळीच्या पाण्यावर बाग! पोरीचं डोकं हाय!"

काही दिवसांनी थेंब पडायचे थांबले. "गळती बी बंद केली गं बाईनं!" आई म्हणाली. गळती मी बंद केलेली नव्हती. ती का थांबली याची मला कल्पनाही नव्हती. तरीही अभिनंदन मी नम्रपणे स्वीकारले.

त्यानंतर बॉयलर गुरगुरू लागला! नळ उघडला की पाण्याआधी फुत्कार येई. गेजचा काटा तर असा चढे, जणू त्याला गच्चीवर काही काम आहे! नेमक्या त्याच दिवशी ताईच्या सासूबाई परतूरहून नातवाला पाहायला आल्या.

"हे कोन गुरगुरून राह्यलं?"

"बॉयलर आहे, मावशी. दाब किंचित वाढलाय."

"किंचित? माझा नातू हाय त्या घरात! उद्या सकाळी मी सुनंला घेऊन चालले. आमच्याकडं तांब्याचा बंब हाय. बिलकुल गुरगुरत न्हाई."

ताईचे डोळे भरून आले. आत जाऊन ती मला एवढेच म्हणाली, "आशे, तू केलंस, आता तूच निस्तर."

मी वीज बंद करून पद्धतशीर तपासणी सुरू केली. दोष शोधताना आरंभापासून शेवटाकडे जावे, असा नियम आहे. मी थर्मोस्टॅट बदलला. कॉइलवरचा क्षारांचा थर खरवडला. पाणी आत येणारी नळी साफ केली. शेवटाकडे, म्हणजे माझ्या स्वतःच्या निर्मितीकडे, मी वळले नाही. तिच्यावर संशय घेण्यास सबळ कारण दिसेना.

सकाळी सगळे अंगणात उन्हाला बसले होते. ताई बाळाला घेऊन आतल्या खोलीत. मावशी मोसंबीच्या रोपाशेजारी बाजेवर, पायाशी ताईच्या कपड्यांनी भरलेली पिशवी. मी बटण दाबले. काटा चढला. आणखी चढला.

"बघा, मावशी, आता तो स्थिरावेल," मी न्हाणीतून ओरडले.

त्याच क्षणी उलगडा झाला. आमच्या पाण्यातल्या क्षारांनी तिन्ही ड्रीपर चोंदले होते, म्हणजे जादा पाण्याची एकुलती एक वाट मीच बुजवली होती! निदान अचूक होते. बटण बंद करायला मी हातही उचलला. पण बाहेर "फट्" असा आवाज झाला, नळीचे बंद टोक उडाले, नळी फणा काढून उभी राहिली, आणि मावशींना डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ झाली!

मी धावत बाहेर आले. सुदैवाने लांब नळीतून येताना पाणी अंगाला सोसेल इतके निवले होते. मावशींनी पदर पिळला, गालावरून हात फिरवला.

"पानी बराबर तापलंय," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीला असंच लागतं. राहू द्या सुनंला हितंच."

आईने हात जोडले.

"पन मंग ही भरलेली पिशवी रिकामी कशाला न्यायची? हिला द्या माझ्यासंगं," मावशींनी माझ्याकडे बोट दाखवले. "सव्वा महिना. आमच्या बंबाला काई जोडायला जागाच न्हाई."

दुसऱ्याच दिवशी परतूरला अण्णांचा फोन आला. आवाजात खरा आनंद होता: "पोरी, तू गेलीस आन् काटा खाली आला बघ!"

या निष्कर्षावर मला एकही शास्त्रीय आक्षेप घेता आला नाही.