धुरावर ढकललेला खोकला

मानसिंग आटपाडी तालुक्यातला गलाईवाला. जुने दागिने आणि सराफांच्या दुकानातला केरकचरा आटवून त्यातलं शुद्ध सोनं काढायचं, हा त्याचा धंदा. दुकान केरळात. या धंद्यात खोकला कुणी आजारात धरत नाही. सोनं शुद्ध करायच्या तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, धूर म्हटल्यावर खोकला येणारच. संध्याकाळी गुळाचा खडा चघळला की छाती साफ, असं सगळे मानतात. थुंकीत तांबडं दिसलं तेव्हा मानसिंगने गूळ वाढवला.

यात्रेला गावी आल्यावर त्याच्या रुमालावरचा डाग बायकोने, चंद्राबाईने पाहिला.

"गुळानं रगत थांबतंय व्हय? मग दवाखानं कशाला काढल्यात? गुऱ्हाळंच काढायची की."

"अगं, धुराचं हाय ते."

"धूर तिकडं केरळात ऱ्हायला. हितं कशापायी खोकताय मग?"

सकाळच्या एसटीने दोघं सांगलीला, विश्रामबागेतल्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, रक्त हिरड्यांतून येतं, नाकातून, की उलटीतून? खोकल्यासरशी येतं, फेसाळ असतं, असं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे छातीतून. क्षय असेल, न्यूमोनिया असेल, जुनी जखम, गाठ, कधी हृदयाचा दोषही असतो. धूरसुद्धा असेल. पण ते तपासल्याशिवाय मला सांगता येत नाही, तुम्हालाही येणार नाही."

एक्स-रे काढला, थुंकी तपासायला दिली. निकाल घ्यायला दोघं पुन्हा गेली. क्षय निघाला होता.

"गोळ्या न चुकता घेतल्या तर बरा होतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दुकानात तुमच्यासोबत कोण झोपतं? खिडक्या उघड्या असतात?"

खिडक्या बंद असतात. पंखाही लावत नाहीत, कारण सोन्याची भुकटी उडते. त्याच खोलीत चुलतभाऊ धनाजी आणि कामगार झोपतात. धनाजी हल्ली खोकत होता, आणि त्याला गूळ मानसिंगच देत होता.

बाहेर जिन्यात उभं राहून त्याने धनाजीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बोभाटा करू नगं गड्या," धनाजी म्हणाला. "सराफांना कळलं तर एक जण सोनं आणून द्यायचा न्हाई. धूर म्हनायचं आन गप बसायचं."

"लय दिस गप बसलो. उद्या दुकान उघडायचं न्हाई. सगळ्यांनी सरकारी दवाखान्यात जायचं. पयला तू."

"आन न्हाई गेलो तर?"

"तर भट्टी बंद. दुकान माज्या नावावर हाय."

पलीकडे धनाजी खोकला. मग म्हणाला, "आन सराफांना काय सांगू?"

"तू नगं सांगूस. मी सांगतो, क्षय झालाय म्हनून."

त्याने फोन ठेवला आणि सगळ्यात जुन्या सराफाचा नंबर लावला.