बरणीतला भाव

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कुणी गेलं नव्हतं. त्यामुळे परदेशी जाऊन मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करायचं मी ठरवलं, तेव्हा सल्ला विचारावा असं घरात कुणी नव्हतं. म्हणून मी इंटरनेटला विचारलं आणि इंटरनेटने मला रँकिंग दिलं.

जगातल्या सगळ्या युनिव्हर्सिटींची ओळीने लावलेली यादी बघून मला फार बरं वाटलं. मला कुठलीही गोष्ट नंबर लावून दिली की कळते. मला तीन ठिकाणांहून प्रवेशाचं पत्र आलं होतं, तिन्ही इंग्लंडमधली. एक लंडनचं, एक उत्तरेकडच्या समुद्राकाठच्या लहान गावातलं आणि एक मध्येच कुठेतरी कारखान्यांच्या शहरातलं. मला लंडन हवं होतं. का, ते आता खरं सांगते: सांगायला बरं वाटतं म्हणून. दुसरं कारण मी तेव्हाही शोधलं होतं, पण सापडलं नव्हतं.

बाबा परळच्या एका इस्पितळात लिफ्टमन आहेत. शैक्षणिक कर्जाच्या अर्जावर त्यांची सही लागणार होती, आणि कर्जात न बसणारी रक्कम त्यांच्या फंडातून यायची होती. "तिघांनी मिळून ठरवायचं," ते म्हणाले. "तिघांचं एकमत झालं की मी डोळे मिटून सही करतो." आगाऊ रक्कम भरायची मुदत एप्रिलअखेर होती. म्हणजे मला एका महिन्यात आईला आणि बाबांना लंडनवर आणायचं होतं.

आई मार्च-एप्रिलात ऑर्डरीचे मालवणी मसाले करते. लालबागच्या मिरची गल्लीतून मिरची आणायची, गच्चीवर वाळवायची, देठं काढायची, भाजायची आणि डंकावर नेऊन कुटून आणायची. त्या दिवसांत आमच्या घरात बोलताना दर तिसऱ्या शब्दाला कुणीतरी शिंकतं. युनिव्हर्सिटींची नावं आईला उच्चारता येईनात, तेव्हा तिने त्यांना मिरच्यांची नावं दिली. लंडन म्हणजे काश्मिरी, कारण रंग लालभडक, भाव मोठा आणि तिखटपणाची खात्री नाही. समुद्राकाठचं गाव म्हणजे संकेश्वरी. कारखान्यांचं शहर म्हणजे पांडी, सगळ्यात स्वस्त. मी हसले. पण आठवडाभरात बाबाही विचारायला लागले, "काय गं, काश्मिरीची फी किती म्हणालीस?"

मी एक तक्ता केला. डावीकडे तीन नावं, वर आठ रकाने. पहिल्याच दिवशी अडचण आली. रँकिंग देणाऱ्या साइट एकाहून जास्त निघाल्या, आणि एकीवर पहिल्या शंभरात असलेलं लंडन दुसरीवर बरंच खाली घसरलेलं होतं. मी तक्त्यात त्याचा वरचा नंबर घातला. संकेश्वरीचा मात्र खालचा घातला. याला मी मनातल्या मनात 'सोयीची निवड' म्हटलं. मग फी, राहण्याचा खर्च वगैरे धरून बेरीज केली, तर लंडन तिसरं आलं. म्हणून मी 'नावलौकिक' असा एक रकाना वाढवला आणि त्याला शंभरातले चाळीस गुण ठेवले. लंडन दुसरं आलं. प्रवासखर्चाचे गुण कमी केल्यावर ते पहिलं आलं. मला थोडी लाज वाटली. पण तक्ता छापून हातात घेतल्यावर तो इतका खरा दिसत होता, की माझाच त्याच्यावर विश्वास बसला.

बाबांनी तक्ता बघायला समोरच्या खोलीतल्या काकांना बोलावलं. काका आमच्या गणेशोत्सव मंडळाचे बरीच वर्षं खजिनदार होते. त्यांच्यासमोर कागद ठेवला की ते आधी तो उलटा करून मागची बाजू बघतात.

"हे चाळीस कुणी ठरवले?" काकांनी चष्म्यावरून विचारलं.

"तक्त्यात तसंच असतं," मी म्हटलं.

"तक्ता कुणी केला?"

"मी."

"अस्सं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "अगं, सजावटीच्या स्पर्धेत आपल्याला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा परीक्षक येण्याच्या आधी आपली माहिती भरून द्यायचा फॉर्म होता. तो मी भरला होता. शिस्तीला दहापैकी किती, हेही मीच सुचवलेलं. त्याच वर्षी आपली पोरं प्रसादाच्या रांगेत एकमेकांना चोपत होती. नंबर खोटा नसतो बाळ. फक्त तो आधी ठरलेला असतो, आणि कागद त्याच्या मागून चालत येतो."

बाबा माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी चिडून म्हटलं, "काका, ही मंडळाची स्पर्धा नाही. जागतिक रँकिंग आहे."

"बरं. मग जगात फॉर्म कोण भरतं ते सांग."

मी फोनवर ती साइट उघडली आणि 'नंबर कसे दिले' हे पान पहिल्यांदाच वाचलं. बरीचशी माहिती युनिव्हर्सिटीच पाठवते असं तिथे लिहिलं होतं. बरेच गुण जगभरच्या प्राध्यापकांना मत विचारून दिलेले होते. परदेशी विद्यार्थी किती आहेत यालाही गुण होते. मी ते प्रामाणिकपणे मोठ्याने वाचलं, आणि तीच माझी चूक झाली.

"म्हणजे तू गेलीस की त्यांचा नंबर वाढणार?" आईने विचारलं. ती खाली बसून मिरचीची देठं काढत होती.

"एकटीने काय वाढणार गं."

"थोडा तरी वाढेल ना? मग तुला पैसे ते देणार, की तू त्यांना?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. अर्थात त्यात मिरचीचाही हात होता.

त्या दिवसापासून तक्ता आईच्या ताब्यात गेला. तिची पद्धत वेगळी होती. पाच किलो मिरची घेतली, तर वाळवून, देठं काढून, भाजून डंकापर्यंत जाते ती सव्वाचार. मधली पाऊण किलो ही घट. "भाव गल्लीतलो नसता गो, बरणीतलो असता," ती म्हणाली. तिला प्रत्येक ठिकाणचा बरणीतला भाव हवा होता. फी किती हे तिने एकदाच विचारलं. बाकी प्रश्न असे: खोलीचं भाडं वर्षाचं घेतात की शिकवण्याच्या दिवसांचं? आजारी पडलीस तर वेगळे पैसे का? खोलीपासून वर्गापर्यंत चालत जाता येतं का? आणि सगळं देऊन झाल्यावर हातात काय येतं? म्हणजे आठवड्यातून किती तास तू स्वतः प्रयोगशाळेत उभी राहणार, आणि किती तास नुसतं ऐकणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच रँकिंगमध्ये नव्हतं. मी दोन वर्षं भायखळ्याच्या एका लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासत होते. तास मोजायचे तर प्रयोगशाळेतले मोजायला हवेत, हे मला कळायला हवं होतं. पण ते आईला आधी कळलं.

घट धरली तर काश्मिरी फारच महाग पडत होती. मग आई म्हणाली, "भाव कर."

"आई, युनिव्हर्सिटीत भाव करत नाहीत."

"विचारून बघितलंस?"

नव्हतं विचारलं. मिरची गल्लीत तिची एक रीत आहे. मूठभर मिरची हातात घ्यायची, वास घ्यायचा, भाव ऐकून मिरची परत ठेवायची आणि काही न बोलता चालायला लागायचं. पाचव्या पावलाला मागून हाक येते, "ओ ताई, या, काय द्यायचं ते द्या!" लहानपणापासून मी तिच्याबरोबर ती पाच पावलं चाललेय. तिने कधी वळून बघितलेलं नाही, आणि हाक आली नाही असं मी कधी पाहिलेलं नाही. त्यामुळे मी तिन्ही ठिकाणी ईमेल पाठवली. अगदी नम्र. 'मला दुसरीकडे अधिक सवलत मिळत आहे, त्यामुळे आपल्याकडे येणं मला शक्य होणार नाही, याचं वाईट वाटतं.' आणि चालायला लागले.

पांडीची हाक त्याच दिवशी आली. शुक्रवारच्या आत पैसे भरले तर खास शिष्यवृत्ती. मी आनंदाने घरभर नाचले. आईने विचारलं, "अशी किती जणांना दिली?" मी शोधलं. आमच्या देशातून येणाऱ्या सगळ्यांनाच ती मिळत होती. "मग ती सूट कसली? तोच भाव," म्हणत तिने पांडीवर काट मारली.

संकेश्वरीहून एका बाईंचं उत्तर आलं. फी कमी होत नाही, पण खोली शिकवण्याच्या दिवसांपुरतीच घेता येईल, आणि आणखी काही शंका आहे का? मी प्रयोगशाळेचे तास विचारले. त्यांनी अख्खं वेळापत्रकच पाठवलं. आठवड्यातले तीन दिवस प्रयोगशाळा.

लंडनचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'कळवल्याबद्दल आभार. आपला प्रवेश रद्द करण्यात आला आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

मी ते चार वेळा वाचलं. शुभेच्छा वाचताना दर वेळी जास्त राग येत होता. मी लगेच लिहिलं की माझा तसा अर्थ नव्हता. अर्ध्या तासात कळलं, जागा प्रतीक्षायादीतल्या मुलाला गेली. मी पाचव्या पावलावर उभी होते आणि मागे दुकान बंद झालं होतं.

घरी सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, यांचं लंडनला नाहीच म्हणणं आहे, तर आपोआप संकेश्वरी ठरेल आणि माझी फजिती कुणाला कळणार नाही. संशय येऊ नये म्हणून मी दोन दिवस लंडनची बाजू आणखी जोरात मांडली. जेवताना तिथल्या ग्रंथालयाचं वर्णन केलं. एकदा डोळ्यांत पाणीही आणलं, आणि ते खरं आलं, कारण लंडन खरंच गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी बाबा कामावरून आले ते टोपी न काढताच खुर्चीत बसले.

"मी ठरवलंय," ते म्हणाले. "लोकांना आयुष्यभर पाहिजे त्या मजल्यावर सोडलं. पोरीला तिच्या मजल्यावर सोडू नको? लंडनला जा. फंड थोडा जास्त काढतो."

"डायलॉग नको," आई म्हणाली. पण तिने मान हलवली. "माझी पण हरकत नाही. एवढं रडतेय तर जाऊ दे काश्मिरीक."

एकमत झालं होतं.

"घाई नको," मी म्हटलं. "मी परत एकदा तक्ता बघते."

रात्रभर विचार करून मी नवा तक्ता केला. 'प्रयोगशाळेचे तास' या रकान्याला चाळीस गुण. संकेश्वरी पहिली. सकाळी काका पेपर मागायला आले, आणि बाबांनी कौतुकाने नवा तक्ताच त्यांच्या हातात दिला. काकांनी कागद उलटा केला, सुलटा केला.

"पुन्हा चाळीस?"

मी त्यांच्यासाठी पेपर शोधायला लागले.

"गेल्या वेळी तुला जे हवं होतं त्याला चाळीस दिलेस. या वेळी नको असलेल्याला कसे दिलेस? की काश्मिरीच्या दुकानात काही झालंय?"

मग मी सगळं सांगितलं. ईमेल, पाच पावलं, शुभेच्छा, प्रतीक्षायादीतला मुलगा. बोलताना मी आईकडे बघत होते, कारण तिची रीत फसली होती आणि तिला वाईट वाटेल असं मला वाटलं. तिला मुळीच वाटलं नाही.

"चालायला लागण्याआधी बघायचं असतं गो," ती म्हणाली, "आपल्या मागे दुसरं गिऱ्हाईक उभं आहे का ते. मी उगीच चालत नाही."

हे तिने मला पंचवीस वर्षांत सांगितलं नव्हतं.

"आणि दोन दिवस ते ग्रंथालय ग्रंथालय काय चाललं होतं?" बाबांनी विचारलं.

"संशय येऊ नये म्हणून."

बाबा हसले नाहीत. मला वाटलं आता सही गेली. त्यांनी काकांच्या हातातून तक्ता घेतला. मग त्यांनी विचारलं, "हे तीन दिवसांचं खरं आहे? की हेही तू भरलंस?"

मी त्या बाईंचं वेळापत्रक फोनवर दाखवलं. सोमवार, बुधवार, गुरुवार. बाबांनी बोट ठेवून एकेक वार वाचला. इंग्रजीतले वार त्यांना नीट वाचता येतात. इस्पितळात ओपीडीच्या पाटीवर तेच असतात.

"हे मला आवडलंय," मी म्हटलं. "लंडन गेलं म्हणून नाही. म्हणजे, गेलं म्हणूनच मी नीट बघितलं. पण बघितल्यावर आवडलं." हे मला जरा अडखळतच सांगता आलं.

त्यांनी पेन मागितलं. कर्जाच्या अर्जावर जिथे जिथे मी खूण केली होती तिथे तिथे सावकाश सही केली. शेवटच्या पानावर थांबले.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. "काल मी लिफ्टमध्ये सगळ्यांना लंडन सांगितलंय. तळमजल्यापासून सातव्यापर्यंत. मोठ्या डॉक्टरांनी हात मिळवला माझ्याशी."

"बाबा, सॉरी."

"त्या गावाहून लंडन किती लांब?"

"गाडीने चार तास."

त्यांनी शेवटची सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

"मग राहू दे लंडनच. विरारची माणसं गावाला गेली की मुंबईच सांगतात."