रोमची रीत, आंबेशेतची मिरवणूक

आंबेशेतची पाण्याची टाकी भरायला दीड तास लागतो. मोटार चालू करायची, टाकी भरेपर्यंत बसून राहायचं, मग वॉल फिरवून गावाला पाणी सोडायचं. भगीरथ हे काम सहा वर्षं करत होता. रोजचा हा दीड तास दुसऱ्या कुणी पत्ते कुटण्यात घालवला असता. भगीरथने त्यात रोमन साम्राज्य संपवलं.

सुरुवात पाण्यानेच झाली. रोमच्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी दगडी कमानींवरून, पंप न लावता, डोंगरातलं पाणी शहरात नेलं, असा एक हिंदी व्हिडिओ त्याच्या फोनवर आला. आपल्याकडचं पाणी शहरात जातं याचं त्याला नवल नव्हतं; तानसा तलावाचं पाणी मुंबईला जाताना तो जन्मभर पाहत होता. बिनपंपाचं मात्र वाटलं. पुढचा व्हिडिओ राजांचा होता, त्यापुढचा लढायांचा, आणि शिक्षांचे व्हिडिओ सुरू झाल्यावर त्याला त्यातून बाहेर पडता येईना.

टाकीच्या सावलीला बिडी ओढायला येणारे रघू म्हातारा आणि जयराम हे त्याचे कायमचे श्रोते.

"बापाला मारला तर पोत्यात घालायचे," भगीरथ सांगायचा. "संगती कुत्रा, कोंबडा, साप नि माकड. पोतं शिवायचं नि सरळ नदीत."

"माकड कशाला?" जयराम विचारायचा.

"तशी रीत."

"कोंबडा फुकट घालवला रे," रघू मनापासून हळहळायचा.

"नि पलटण रणातून पळाली तर दहातला एक चिठ्ठी टाकून काढायचे. उरलेल्या नवांनी त्याला काठ्यांनी ठेचायचा."

"नि खरा पळपुटा त्या नवात असला तर?"

"तर तो पण मारनार."

"म्हंजे चौकशी समितीच की," जयराम म्हणायचा आणि बिडी विझवायचा.

असं सगळं बरं चाललं होतं, तोवर निवडणूक आली. आंबेशेतमध्ये सरपंच बदलला की पाणीवाला बदलतो. तसं कुठं लिहिलेलं नाही. पाणीवाल्याची नेमणूक तरी कुठं लिहिलेली असते? सहा वर्षांपूर्वी जुने सरपंच रस्त्यात भेटले आणि "उद्यापासून तू" म्हणाले, एवढाच भगीरथचा नेमणुकीचा आदेश. आता मुरबाड रस्त्याला प्लॉटांची दलाली करणारा दिपेशशेठ अकरा मतांनी निवडून आला होता, आणि त्याचा भाचा अनिल दोनदा टाकीपाशी येऊन वॉलसोबत सेल्फी काढून गेला होता. बायकोचं, राहीचं, शिलाई मशीन सोडलं तर भगीरथच्या घरात येणारा पगार हा एवढाच.

तालुक्यातले सगळे जेसीबी विजयी उमेदवारांवर फुलं उधळण्यात गुंतलेले असल्यामुळे दिपेशशेठची मिरवणूक पदभार घेतल्यानंतरच्या रविवारी ठरली. आदल्या दिवशी शेठ स्वतः टाकीवर आला.

"तू म्हणं परदेशातल्या मिरवणुका सांगतोस?"

भगीरथने सांगायला घेतलं. जिंकलेला सेनापती, चार घोड्यांचा रथ, तोंडाला फासलेला लाल रंग.

"गुलाल!" शेठ चमकला. "म्हंजे त्यांनी आपलंच उचललं."

"नि त्याच्या पाठी एक गुलाम उभा, शेठ. डोक्यावर सोन्याचा मुकुट धरायचा नि कानात सांगत राहायचा, बाबा, तू माणूस हायस, देव नाय."

शेठने यातला मुकुट तेवढा घेतला. साठेखतातल्या अटी वाचायची त्याची पद्धतही हीच होती. "मुकुट धरायला माणूस! अजून तालुक्यात कुणी केलं नाय. उद्या तू माझ्या पाठी उभा राहायचा. ते कानातलं जमलं तर बोल, नाय तर राहू दे."

"शेठ, माझ्या कामाचं जरा..."

"मिरवणूक होऊ दे रे. मग बघू."

बघू म्हणजे काय, हे भगीरथला कळत होतं. राहीलाही कळलं. "मुकुट धर, कानात गोड बोल नि नोकरी वाचव," ती म्हणाली.

"अगो, पण इतिहासात तो गुलाम सेनापतीला खरंच..."

"नि पुढं त्या गुलामाचं काय झालं, ते सांगितलंय का कुठं?"

भगीरथने आठवून पाहिलं. ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

रविवारी त्याने पहाटेच मोटार लावून टाकी भरून ठेवली. मिरवणूक अर्ध्या तासाची, ती उरकली की साडेनऊला नेहमीप्रमाणे पाणी सोडायचं, असा हिशोब. पण जेसीबीचा ड्रायव्हर दहाला आला, डीजेचा जनरेटर साडेदहाला सुरू झाला, आणि गुलाल पहिल्या वळणावरच संपल्यामुळे आणखी आणायला माणूस शहापूरला धाडावा लागला.

उघड्या जीपमध्ये शेठ हात जोडून उभा. शहापूरच्या डेकोरेशनवाल्याकडून आणलेला पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट त्याच्या डोक्याला सैल होत होता, तो भगीरथ मागून दोन्ही हातांनी धरून होता. काय बोलायचं ते त्याने रात्री घोकलं होतं. शेठ, तुमी पन माणूसच. तो दर चौकात शेठच्या कानाशी वाकायचा, आणि तोंडातून निघायचं, "शेठ, माझ्या कामाचं तेवढं ध्यानात ठेवा."

डीजेत शेठला काहीच ऐकू येत नव्हतं. तो दर वेळी प्रसन्न मान हलवायचा.

टाकीकडच्या वळणावर जीप थांबली. रस्त्यावर हंडे होते. नळावर नंबर लावायला हंडा ठेवतात, तसे या कडेपासून त्या कडेपर्यंत, ओळींमागे ओळी. हंड्यांमागे बाया. पुढे त्यांची म्होरकी ताराबाई. तिने हात वर केला तसा डीजे आपोआप बंद झाला.

"बारा वाजायला आले. पाणी कुठंय?"

"मावशी, मिरवणूक..." शेठ हसला.

"आमी पाणीवाल्याला घरोघर शोधतोय नि हा हितं उभा राहून तुझं टोपडं धरतोय?"

बाया हसल्या. शेठचा चेहरा गुलालाच्या आत लाल झाला. त्याने अनिलला वॉलची चावी घेऊन टाकीवर पिटाळलं. "माणसं काय, शंभर भेटतात," हे तो भगीरथकडे न बघता, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाला. अनिलने वॉल उघडला असता तर सहा वर्षं तिथंच संपली असती.

दहा मिनिटांनी अनिल घामाघूम परत आला. "मामा, चावी नुसती गरगर फिरते. वॉलच लागत नाय."

लागणार कसा? वॉलचे आटे झिजले होते. नवा बसवा म्हणून भगीरथ तीन वर्षं पंचायतीत सांगत होता. चावीवर पायाने भार देऊन, अर्धा फेरा उलटा घेऊन मग तो सुलटा धरायचा, हे गावात त्याच्या एकट्याच्या टाचेला माहीत होतं.

बायांनी आता पदर खोचले. शेठने मान मागे वळवली आणि भगीरथच्या कानाशी तोंड नेलं.

"भगीरथभाऊ, उतरा. पाणी सोडा."

भगीरथने मुकुट सोडला नाही. "शेठ, कागद."

"उद्या देतो."

"रोममध्ये पण राजे पलटणीला उद्या म्हणायचे. मग पलटणच दुसरा राजा बसवायची."

शेठने समोर पाहिलं. पलटण हंडे घेऊन उभी होती. निकालाच्याही आधी छापून घेतलेलं लेटरहेड जीपमध्येच होतं. बोनेटवर ठेवून शेठने स्वतः लिहिलं, सही केली, आणि ताराबाईच्या सांगण्यावरून माइकवर वाचूनही दाखवलं. पाणीपुरवठा कर्मचारी म्हणून नेमणूक. मुदत अकरा महिने.

"अकराच?" भगीरथ म्हणाला.

"बाकीचं बघू," शेठ म्हणाला.

भगीरथने कागदाची घडी खिशात घातली, मुकुट अनिलच्या हातात दिला आणि टाकीकडे धावला. थोड्या वेळाने रस्त्याकडेचा नळ आधी खाकरला, मग लालसर आणि मग स्वच्छ पाणी पडू लागलं.

हंडे मात्र रस्त्यावरून हलले नाहीत. नंबर मोडला असता. एकेक हंडा भरायचा, उचलायचा, मग पुढचा सरकायचा. बासष्ट हंडे होते. ऊन चढलं, पुठ्ठ्याचा मुकुट घामाने मऊ पडला, जेसीबीच्या बादलीत फुलं सुकत चालली.

"मावशी, अजून किती वेळ?" शेठने जीपमधून विचारलं.

"घाई असंल तर हंडा आण," ताराबाई मागे न बघता म्हणाली, "नि रांगेत लाग."