राहीबाईची काडी

राहीबाई दर शनिवारी आमची शाळा सारवायला यायची. कमरेत वाकलेली, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं; पण हात असा की ओल्या जमिनीवर बोटांची वळणं एकसारखी उमटायची. जामखेडजवळच्या त्या गावात मी तेव्हा शिक्षक होतो.

तिचं पोट शेणावर चालायचं. पहाटे पाटी घेऊन माळावर जायचं, गुरांच्या वाटेवरचं शेण गोळा करायचं, गोवऱ्या थापायच्या आणि त्यांच्या बदल्यात घरोघरून ज्वारी आणायची. नवरा कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. माळावर बायकांची एक रीत होती. पाटी भरली आणि पुढे आणखी शेण दिसलं, की त्यात काडी खोचून ठेवायची. काडी खोचलेलं शेण दुसरी बाई उचलत नसे. आपसात बोलणं टाकलेल्या बायकासुद्धा काडीचा मान राखायच्या.

तिच्या दारात एक भाकड गाय होती. शेजारची कडूबाई चिडवायची, "राहे, ना दूध, ना वासरू. देव्हाऱ्यात बसवती का काय तिला?"

"दूध दोन टायमाला निघतं, कडे. शेन दिवसभर," राहीबाई म्हणायची. "आन् नासत बी न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळात माळ उघडा पडला. गावाबाहेर गुरांची छावणी निघाली. तिथे चारा फुकट होता, म्हणून राहीबाईनेही गाय नेऊन बांधली. ती खडी फोडायच्या कामावरही गेली होती, पण मुकादमाने डोळा आणि कंबर पाहून तिला परत पाठवलं. मग ती रोज सकाळी छावणीत जाऊन आपल्या गायीखालचं शेण भरू लागली.

एके दिवशी तिथे ट्रक उभा दिसला. छावणीतलं सगळं शेण एका ठेकेदाराने घेतलं होतं. ते देवळाली प्रवरेकडे, पाटाच्या पाण्यावरच्या उसाला जाणार होतं. मी त्या सकाळी तिथेच होतो. राहीबाईने एक पाटी भरली होती, उरलेल्या शेणात सवयीने काडी खोचली होती. ठेकेदाराच्या गड्याने ते काडीसकट फावड्यावर घेतलं.

"आरं, दिसत न्हाई का? काडी हाय त्याच्यात!"

गडी हसला. राखणीला गावातलाच जालिंदर होता, तो पुढे आला. "आत्या, हितलं शेन आता इकलंय. पाटी ठिव खाली."

"गाय माजी हाय ना रं?"

"गाय तुजी. चारा सरकारचा."

"मंग माज्या गाईच्या पोटात सरकार बसलंय व्हय?"

भोवतालचे सगळे हसले. जालिंदरही हसला. मग मान खाली घालून त्याने तिची पाटी ढिगावर रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी तिने गाय सोडून घरी आणली. मी समजावायला गेलो. म्हटलं, "राहीबाई, तिथे निदान गाय तरी जगेल."

"गाय जगंल, गुर्जी. मी काय खाऊ?"



तिने छपराचं जुनं गवत उपसून गायीपुढे टाकायला सुरुवात केली. आधी कोपऱ्यातलं, मग मधलं. घरात ऊन उतरू लागलं. शेण पडायचं ते मूठभर, कोरडं, थापलं तर फुटणारं. एका दुपारी गाय बसली. छावणीपर्यंत परत न्यावी तर पाय टेकवेना. तशीच दारात मेली.

जालिंदरला ते लागलं असावं. पुढे एका सकाळी शाळेकडे जाताना तो मला तिच्या दारात दिसला. छावणीतून पाटीभर शेण गुपचूप आणलं होतं.

"घे आत्या. कुनी बगितलं न्हाई."

राहीबाई उंबऱ्यावर बसली होती. पाटीकडे बघत म्हणाली, "ह्याच्यात कुनाची काडी हुती?"

"आता काड्या कोन खोचतंय?"

"मंग कुनाचं हाय हे?"

जालिंदरने पाटी उंबऱ्याजवळ सरकवली.

"ने माघारी."

भरली पाटी घेऊन पुन्हा छावणीत शिरायची त्याची छाती झाली नाही. पाटी तिथेच राहिली. राहीबाईने तिला हात लावला नाही. शेण दारातच वाळून गेलं.

उन्हाळ्यात भाची येऊन तिला कर्जतकडे घेऊन गेली. जाताना ती शाळेत डोकावली. जमीन उखणून गेली होती, पोरं धुळीत बसली होती. "लई फुफाटा झालाय, गुर्जी," एवढंच म्हणाली. ती परत आली नाही.

पुढच्या साली माळावर गुरं दिसू लागली. पण आता गावातूनही शेणाच्या गाड्या भरून उसाकडे जात होत्या, आणि शेण जिच्या हाती लागेल तिचं झालं होतं. कडूबाईने एकदा जुन्या सवयीने काडी खोचली. पाटी रिकामी करून आली तर जागेवर ओला डाग आणि बाजूला फेकलेली काडी.

"राही हे बघायला न्हाई, बरं झालं," ती मला म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तीही दिसेल ते उचलू लागली.