माझ्या पाठीमागची खुर्ची

इथे कोणी असला अनुभव टाकला की खाली पहिली खोडसाळ कमेंट बहुतेक माझीच असते. "वाऱ्याने वाजलं असेल", "आधी डोळे तपासून घ्या" वगैरे. त्यामुळे आज मीच लिहितेय म्हटल्यावर काही जणांना हसू येईल. हसा. तुमच्या जागी मीही हसलेच असते.

मी मालेगावची... म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्यातलं, नाशिककडचं नव्हे. घर वाशीम रोडला लागून, बाबांनी स्वतः उभं राहून बांधलेलं. त्याआधी तिथे तुरीचं शेत होतं, म्हणजे जुनी वास्तू वगैरे भानगड नाही. घरात बाबा आणि मी. आई वाशीमला माझ्या धाकट्या भावाकडे, शेखरकडे असते, नातवाला सांभाळायला. शेखरचं तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

मी नवऱ्याला सोडून माहेरी आलेय. त्याने माझ्या मोबाईलमध्ये लपवून काहीतरी टाकलं होतं. मी कोणाशी काय बोलले ते तो मला जेवताना ऐकवायचा, शब्दन् शब्द. तेव्हापासून आपल्यावर कोणाची नजर आहे असं नुसतं वाटलं तरी मी तिथून उठून जाते. मोकळेपणाने बसता येईल अशी एकच जागा मला उरली होती — समोरची खोली आणि तिथला कॉम्प्युटर. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं टाइप करायचं काम मी तिथून करते. शेजारची खिडकी अंगणात उघडते. पाठीमागे एक प्लास्टिकची खुर्ची, तोंड भिंतीकडे, तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग.

दुपारी बाबा चहा आणून देतात. कधीकधी दोन कप आणायचे. दुसरा कोणाला म्हणून विचारलं की खोलीत इकडेतिकडे बघायचे आणि तो कप परत घेऊन जायचे. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून मी सोडून द्यायचे.

मग कॉम्प्युटर रडायला लागला. साधी फाईल उघडायला मिनिटं लागायची, कुठूनही जाहिराती टपकायच्या. आणि कॅमेऱ्याचा बारका हिरवा दिवा... मध्येच लागायचा, लगेच विझायचा. तो पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा मी झटकन कॅमेऱ्यावर तळहात ठेवला. नवऱ्याने इथवर हात पोचवला असेल तर आता जायचं कुठे?

रविवारी इंटरनेटची वायर काढली आणि साफसफाईला बसले. ब्राउझरमधल्या सगळ्या कुकीज उडवल्या, स्कॅन लावला. सुरू होतानाच आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये एक अनोळखी नाव सापडलं. त्याचा फोल्डर उघडला तर आत माझेच फोटो. काम करताना, जांभई देताना, केस बांधताना. सगळे फोटो एका ईमेलवर जात होते, आणि तो ईमेल शेखरच्या दुकानाचा होता. दिवाळीत "कॉम्प्युटर साफ करून देतो" म्हणून तोच बसला होता.

सख्खा भाऊ! त्याला फोन करून इतकंच म्हटलं, आत्ताच्या आत्ता ये.

तो येईपर्यंत रागारागाने फोटो पुढे सरकवत राहिले. आणि मग राग कुठल्या कुठे गेला. एका फोटोत खुर्ची नेहमीसारखी, कपड्यांसकट. त्याच दुपारच्या पुढच्या फोटोत कपडे पलंगावर आणि खुर्चीचं तोंड माझ्याकडे. त्यापुढच्यात ती जवळ सरकलेली. शेवटी अगदी माझ्या खांद्यामागे. खुर्ची रिकामी. मी समोर बघत टाइप करतेय, मला पत्ताच नाही. अशा दुपारी एक-दोन नव्हत्या. मी उठायच्या वेळच्या फोटोत खुर्ची परत जागेवर, कपडे तिच्यावर.

शेखर आला, स्क्रीनकडे पाहिलं आणि पलंगावर बसला.

"तुह्यावर नजर नोती ठेवली ताई," तो म्हणाला. "बाबाले खिडकीतून तुह्या मांगं कोनी बाई बसलेली दिसते. पाहुनी आली म्हनून ते चहा आनत. खरं हाय का भास, ते पाहून राह्यलो होतो."

"मंग मले इचारलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू या खोलीत बसली असती काय?"

बाबांच्या डोळ्यांवर ढकलावं म्हटलं तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते एसटीची पाटी माझ्याआधी वाचतात. शेखर विनवत होता, प्रोग्राम राहू दे, निदान कळत तरी राहील. मी ऐकलं नाही. कारण काहीही असो, चोरून पाहणं ते चोरून पाहणंच. त्याच्यासमोर प्रोग्राम काढला, फोटो पुसले, मशीन पुन्हा स्कॅन केलं. एकदम स्वच्छ. खुर्ची उचलून अंगणात ठेवली आणि सुटले म्हटलं.

पुढचे काही दिवस मी कामात चुकाच करत होते. दर दोन ओळींनी मान मागे. कोणी नाही. बाबाही एकच कप आणत होते.

मग एका दुपारी ते पुन्हा दोन कप घेऊन दारात उभे राहिले. माझ्या मागे बघत, जरा नाराजीनेच म्हणाले,

"खुर्ची काहून नेली वं? ते बाई उभीच हाय ना."

कोण आहे, कशी दिसते, सगळं विचारलं. डोक्यावर पदर, ओळखीची नाही, तुझं काम बघत असते, एवढंच ते सांगतात. त्यांना भीती वाटत नाही. मला वाटते, खोटं कशाला बोलू! पण ही खोली सोडायची नाही हे मी ठरवलंय. एकदा घर सोडून झालंय माझं.

ती कोण, का येते, मला आजही माहीत नाही. कमेंटमध्ये जरूर सांगा, मी कोणाची खोडी काढणार नाही.

बाबा दोन कप घेऊन आले त्याच संध्याकाळी मी खुर्ची आत आणली. कपडे आता कपाटात ठेवते. आणि कॅमेऱ्यावर जाड चिकटपट्टी लावलीय. न विचारता कोणी बघत राहिलेलं तिलाही आवडत नसेल.